जड मोटारसायकल उभ्या जागी पडते, त्याचे शिक्षण कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेफाम वेगाबद्दल आपल्या वर्तमानपत्रातून वरचेवर लिहून येते आणि ते यायलाच हवे. मी लिहितो आहे ते वेग नसताना होणाऱ्या पडझडीबद्दल. म्हापशात माझे दुचाकीचे गॅरेज आहे. बुलेट, क्लासिक, हिमालयन असल्या जड गाड्यांचे काम माझ्याकडे जास्त येते. त्यातल्या पुष्कळशा काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या, म्हणजे भाड्याने फिरणाऱ्या. गाडी दारात आली की ती कशी पडली हे बहुतेक वेळा न विचारताच कळते. वेगात घसरलेल्या गाडीच्या अंगावर लांबच लांब ओरखडे असतात, सायलेन्सर घासलेला असतो. उभ्या जागी कललेल्या गाडीची खूण वेगळी: क्लचच्या नाहीतर ब्रेकच्या लिव्हरचे टोक मोडलेले, हँडलच्या टोकाला लाल माती, गिअरचा पेडल आत वाकून इंजिनाच्या कव्हरला टेकलेला, आणि टाकीवर साधा चराही नाही. पर्यटनाच्या हंगामात माझ्याकडे या दुसऱ्या प्रकारच्या गाड्याच जास्त येतात.

लिव्हर मी बदलून देतो, त्याला वेळ लागत नाही. पण गाडी घेऊन आलेला माणूस लंगडत असतो. घोटा सुजलेला, पोटरीला सायलेन्सरचा चटका, नाहीतर खांदा धरून उभा. अशा पडण्याची पोलिसांत बहुधा नोंद होत नाही. डॉक्टरकडेही माणूस ‘पाय मुरगळला’ एवढेच सांगतो. त्यामुळे हा प्रश्न कोणाच्या खात्यावर येतच नाही, आणि म्हणूनच हे पत्र.

आधी वजनाचे सांगतो. अ‍ॅक्टिव्हा सुमारे १०६ किलोची, स्प्लेंडर ११२ किलोची. क्लासिक ३५० आणि बुलेट ३५० या १९५ किलोच्या. ६५० सीसीची सुपर मेटिऑर २४१ किलोची. शिवाय क्लासिकच्या टाकीत १३ लिटर पेट्रोल मावते. भरल्या टाकीत जवळजवळ दहा किलो वजन पार वर, मांड्यांच्या मध्ये हलत असते. उंचीतही फरक आहे. अ‍ॅक्टिव्हाची सीट जमिनीपासून ७६४ मिलिमीटरवर, क्लासिकची ८०५वर, नव्या हिमालयनची ८२५वर. पुण्या-मुंबईकडून आलेला मुलगा घरी रोज स्कूटर चालवतो, इथे मात्र फोटोसाठी बुलेट घेतो. कळंगुटला पोचेपर्यंत त्याला काही होत नाही, कारण चालती गाडी स्वतःला सावरत असते: ज्या बाजूला कलते तिकडे पुढचे चाक किंचित वळते आणि दोन्ही चाके पुन्हा वजनाखाली येतात. माणसाच्या चालीपेक्षा वेग कमी झाला की हे सावरणे संपते. मग तोल राहतो तो फक्त चालवणाऱ्याच्या क्लचवर आणि पायावर. हॉटेलच्या आवारात वळताना, पर्राच्या माडांच्या रस्त्यावर कडेला थांबताना, शापोरा किल्ल्याखाली गाडी लावताना ती पडते.

सरळ उभी असलेली दोनशे किलोची गाडी एका हाताने सहज तोलता येते, सगळे वजन टायरवर असते. ती दहा अंश कलली तरी ताकदीचा माणूस धरून ठेवतो. तीस अंशांवर तोच भार जवळजवळ तिप्पट होतो, आणि दहापासून तीसपर्यंत जायला तिला एक श्वासाचाही वेळ लागत नाही. हे ज्याला माहीत नाही तो शेवटपर्यंत ओढून धरतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ घराच्या फाटकातून बुलेट आत घेत होते. गाडी चिऱ्यांच्या कुंपणाकडे कलली. ‘नवी गाडी, टाकीला पोच येईल’ म्हणून त्यांनी हँडल सोडले नाही. गाडी शेवटी खाली गेलीच, पण त्यांचा खांदाही घेऊन गेली. पुढे कित्येक महिने त्यांना उजव्या हाताने डोक्यावर फणी फिरवता येत नव्हती. म्हणून माझ्या गॅरेजमध्ये जड गाडी पहिल्यांदा घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट परत परत सांगतो: अर्ध्याच्या पुढे कलली की सोडा. हँडल सोडा आणि पाय बाहेर काढून बाजूला व्हा. लेग गार्ड, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना येणारी लोखंडी दांडी, लावलेला असेल तर गाडी त्याच्यावर टेकते आणि खाली थोडी पोकळी राहते; गार्ड नसेल तर फुटरेस्ट आणि जमीन यांच्या मध्ये घोटाच सापडतो. लिव्हर बाजारात मिळतो. घोट्याचे हाड असे दुकानातून आणून बसवता येत नाही.

आपल्या गोव्यात या पडण्याला काही खास इथली कारणे आहेत. ती बाहेरच्यांना ठाऊक नसतात आणि आपल्याला इतकी सवयीची झाली आहेत की दिसत नाहीत.

पहिले म्हणजे रस्त्याची कड. हॉटमिक्सचा थर जुन्या थरावर चढतो आणि रस्ता साइडपट्टीपेक्षा चांगला वीतभर वर येतो. पावसात साइडपट्टीची माती वाहून गेली की तो फरक आणखी वाढतो. मागून बस आली म्हणून स्वार कडेला थांबतो, डावा पाय खाली टाकतो, आणि पायाखाली जमीनच नसते. सहा फुटी माणूससुद्धा अशा ठिकाणी गाडीसकट गटारात जातो. दुसरे, आपली माती. साइड स्टँडचे टोक ओल्या मातीत हळूहळू रुतते. गाडी लावून माणूस आत जेवायला बसतो आणि बाहेर ती आडवी होते, कधी शेजारच्या दोन गाड्यांना घेऊन. स्टँडखाली कौलाचा तुकडा, चपटा दगड, काहीही सपाट ठेवले तर हे टळते. उन्हाळ्यात मऊ पडलेल्या डांबरावरही तेच करावे. तिसरे, पावसाळ्यातली रेनकोटची पँट: उतरताना तिचा पायघोळ फुटरेस्टला अडकतो आणि माणूस एका पायावर राहतो. आणि पायात रबरी चप्पल. वाळूवर, रेवेवर ती चप्पल पायाआधी सरकते.

हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबणे हे मात्र सगळीकडचे कारण. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गर्दीतून मुंगीच्या पावलाने गाडी काढताना कोणीतरी मध्ये येते, हात आपोआप ब्रेकवर जातो, हँडल मात्र डावीकडे वळलेले असते. गाडी त्याच बाजूला बदकन बसते. संथ गतीत मागचा ब्रेक वापरायचा, क्लच अर्धा धरायचा, अ‍ॅक्सिलरेटर थोडा पण एकसारखा ठेवायचा आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता जायचे तिथे ठेवायची. हे अर्ध्या तासात शिकता येते. कोणी शिकवत नाही.

आता फेरीधक्क्याबद्दल. मी मयेला राहतो. आमच्या डिचोलीकडची कितीतरी माणसे चोडण-रायबंदर फेरीने पणजीला कामाला जातात. जुने गोवे-दिवाडी, बेती-पणजी, केरी-तेरेखोल, दुर्भाट-रासई असे धक्के सगळ्या गोव्यात आहेत. फेरीधक्का म्हणजे पाण्यात उतरत जाणारा उतार. भरतीला त्याचा खालचा भाग पाण्याखाली असतो. सुकतीला तोच उघडा पडतो, त्यावर चिखल आणि शेवाळ. म्हणजे सकाळी जाताना ज्या उतारावर काही झाले नाही, तोच संध्याकाळी परतताना वेगळा असतो. शेवटी फेरीबोटीची लोखंडी फळी, ओली असली तर काचेसारखी. उतरताना वजन पुढच्या चाकावर आलेले असते. शेवाळावर पुढचा ब्रेक दाबला की ते चाक खालून निघून जाते. फेरीतून वर चढताना मध्येच थांबावे लागले तर उलटे होते: वजन मागे गेलेले असते, पुढचे चाक हलके, एकट्या पुढच्या ब्रेकवर गाडी मागे घसरते. म्हणून दोन्ही वेळा उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडल सरळ. फळीच्या सांध्यावर ब्रेक लावू नये. आणि मागे बसलेल्या माणसाने धक्क्याच्या माथ्यावरच उतरून चालत फेरीत जावे. मागच्याने न सांगता पाय टाकून उतरायला सुरुवात केली की पुढच्याच्या हातातली गाडी तिथेच कलते. नवराबायकोंची अशी भांडणे मी फेरीवर पुष्कळ पाहिली आहेत, आणि दोघांपैकी कोणाचाही दोष नसतो, त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आमच्या वाड्यावरची एक मुलगी पणजीला नोकरीला आहे. स्वतःच्या पगारातून तिने जुनी क्लासिक घेतली, माझ्याकडूनच तपासून घेतली. गेल्या पावसात सुकतीच्या वेळी चोडणच्या धक्क्यावर ती उतरत असताना पुढची मोटार अचानक थांबली. गाडी उजवीकडे कलली. फेरीवरचा खलाशी ओरडला, “सोड ती, पांय काड!” तिने सोडली, पाय काढला, आणि तिला खरचटलेही नाही. ब्रेकचा लिव्हर मोडला, आरसा फुटला. माझ्या मते तिने ते अगदी बरोबर केले. पण भोवतालच्या माणसांनी काय केले? एकाने मोबाईल काढून व्हिडिओ घेतला. दुसरा म्हणाला, मुलींनी स्कूटर चालवावी. तिसऱ्याने येऊन गाडी आरशाला धरून उचलायला घेतली. गाडी उचलून देणारा शेवटी तोच खलाशी आणि एक पिवळ्या-काळ्या गाडीचा पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला. ती मुलगी पुढे काही दिवस बसने जात होती. तिच्या आईने मला सांगितले तेव्हा मला फार वाईट वाटले. धडधाकट पुरुष रोज माझ्या गॅरेजमध्ये तोच मोडका लिव्हर घेऊन येतात. त्यांना कोणी स्कूटर घ्यायला सांगत नाही.

मग एका रविवारी देवळासमोरच्या मैदानावर मी तिला गाडी उचलायला शिकवले. ते इथे सविस्तर लिहितो, कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. गाडी पडली की प्रथम इंजिन बंद, किल स्विच (इंजिन बंद करायचे हँडलवरचे बटण) आणि चावी दोन्ही. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत कलल्यावर इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो, तरीही चावी बंद करावीच. पुन्हा चालू करताना चावी एकदा बंद करून लावल्याशिवाय त्या सुरू होत नाहीत, आणि माणसांना वाटते इंजिन गेले. पेट्रोल गळते आहे का ते पाहावे, जवळ कोणी सिगारेट ओढत असेल तर त्याला दूर करावे. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी म्हणजे उचलताना ती पुढेमागे सरकणार नाही. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर डावीकडचा साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा. हे विसरले की उचललेली गाडी जोरात पलीकडे जाऊन दुसऱ्या अंगावर पडते.

मग गाडीकडे पाठ करायची. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचे. खालची हँडलची मूठ एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताने मागची पकडायची दांडी, नाहीतर चासिसचा पक्का भाग. इंडिकेटर, आरसा, सायलेन्सर यांना हात लावायचा नाही. सायलेन्सर तर भाजतोच. कंबर सीटच्या कडेला टेकवून खाली बसायचे, पाठ सरळ, आणि मग छोटी छोटी पावले टाकत मागे सरकायचे. गाडी वर जाते ती मांड्यांच्या जोरावर. हातांनी आणि कण्याने उचलायला गेलात तर कंबर धराल. त्या मुलीचे वजन गाडीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडेच जास्त असेल. मी खाली जुनी गादी अंथरून माझीच एक गाडी आडवी केली होती. पहिल्यांदा ती अर्ध्यावर अडकली, कारण पावले लांब टाकत होती. पावले लहान केली आणि गाडी उभी राहिली. मैदानाच्या कडेला क्रिकेट खेळणारी मुले खेळ थांबवून बघायला आली आणि मग त्यांनाही करून बघायचे होते. (फेरीच्या उतारावर मात्र एकट्याने कधीही उचलू नये. एक हँडलला, एक मागे, आणि एक पलीकडच्या बाजूने गाडी उलटू नये म्हणून, अशी तीन माणसे हवीत.)

त्यानंतर चुन्याने मी दोन रेषा मारल्या, मध्ये ३० सेंटिमीटर अंतर, लांबी १५ मीटर. हे माप माझे नव्हे, जपानचे आहे. तिथे मोटारसायकलच्या परवान्यासाठी एवढ्याच रुंदीच्या लांब फळीवरून गाडी न पडता न्यावी लागते, आणि तीही हळू. मधल्या गाड्यांसाठी सात सेकंदांपेक्षा कमी वेळ चालत नाही, मोठ्या गाडीसाठी दहा सेकंद. जो जास्त हळू नेतो तो जास्त चांगला. तिथल्या शिक्षण केंद्रांत पडलेली गाडी स्वतः उचलणे हा सुरुवातीचा धडा असतो. युरोपात परवान्याचेच टप्पे आहेत: आधी १२५ सीसीपर्यंत, मग ३५ किलोवॉटपर्यंत, मग मोठी गाडी. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीचे दोनच भाग, गिअर नसलेली आणि गिअर असलेली. स्प्लेंडरवर मैदानात आठचा आकडा काढून परवाना मिळवलेला मुलगा दुसऱ्या दिवशी २४१ किलोची गाडी रस्त्यावर आणू शकतो. कायदा बदलायचा तेव्हा बदलेल, ते दिल्लीचे काम आहे. पण चुन्याच्या दोन रेषा मारायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

म्हणून काही मागण्या आपल्या पत्रातून मांडतो.

भाड्याने दुचाकी देण्याची योजना १९९७ची आहे. तेव्हापासून गाड्या जड होत गेल्या, गाडी हातात देण्याची पद्धत मात्र तीच राहिली: परवान्याचा फोटो, डिपॉझिट, चावी. गाडी देणाऱ्या बांधवांना माझी विनंती आहे की जड गाडी असेल तर गिऱ्हाइकाला आपल्या आवारात आधी ती बंद इंजिनावर ढकलत चार पावले पुढे, चार पावले मागे न्यायला सांगा. मग पहिल्या गिअरमध्ये एक पूर्ण वळण. एवढ्यात कळते. दोन्ही पायांच्या टाचा टेकत नसतील, हात थरथरत असतील, तर त्याला प्रेमाने स्कूटर द्या. तुमचेच भाडे आणि तुमचीच गाडी वाचेल, आणि ज्या दिवशी लिव्हर मोडतो त्या दिवशी डिपॉझिटवरून होणारी भांडणेही टळतील. पर्यटक चिडून जातो आणि गोव्याचे नाव घेऊन चिडतो, हे मला गॅरेजवाला म्हणूनच नव्हे, गोंयकार म्हणूनही लागते. मालकांसाठी कामाची एक गोष्ट: लिव्हरचा क्लॅम्प हँडलवर पार घट्ट आवळू नका. गाडी पडली तर लिव्हर जरा फिरतो आणि मोडायचा वाचतो. आणि लेग गार्ड शोभेसाठी नसतो, तो काढून गाडी भाड्याला देऊ नका.

धक्क्यांच्या बाबतीत संबंधित खात्याने तीन साध्या गोष्टी कराव्यात. उताराच्या काँक्रीटला आडव्या खाचा पाडाव्यात. पावसाळ्यात सुकतीला उघडी पडणारी पट्टी ब्रशने घासून शेवाळ काढण्याचे काम ठरावीक दिवशी व्हावे. आणि माथ्यावर मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजीत एक पाटी लावावी: मागे बसलेल्यांनी येथे उतरावे. फेरीवरचे खलाशी आजही कोणाची गाडी कलली तर धावत येतात, ते त्यांचे काम नसताना. त्यांना या पत्रातून नमस्कार कळवतो.

शाळांच्या आणि पंचायतींच्या मैदानांवर रविवारी सकाळी दोन तास मिळाले तर हळू गाडी चालवणे आणि पडलेली गाडी उचलणे हे शिकवायला मी विनामूल्य येईन. गादी, चुना आणि पाडायला एक जुनी बुलेट माझ्याकडे आहे. बार्देश आणि डिचोलीतल्या ज्या पंचायतींना हे हवे असेल त्यांनी आपल्या कचेरीमार्फत कळवावे. मुलींची नावे आधी घेईन, कारण त्यांना बाकी कोणी शिकवत नाही.

आपला नम्र,
म्हापशातील एक गॅरेजवाला
(रा. मये, डिचोली)